‘फनी टर्न’ म्हणजे नक्की काय झालं? इंग्लंडच्या वॉर्डातली इंग्रजी समजून घेताना

इंग्लंडला नर्स म्हणून येणाऱ्या मराठी मुलामुलींच्या फोनमध्ये हमखास एक पीडीएफ असते, ‘पाचशे इंग्लिश इडियम्स, अर्थासह’ या छापाची. पहिल्याच पानावर ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’. लीड्सच्या पावसात मी बरीच वर्षं भिजते आहे, पण इथल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य काही ऐकलेलं नाही. पाऊस कोसळायला लागला की ही मंडळी म्हणतात, ‘इट्स चकिंग इट डाउन’. तेव्हा ती पीडीएफ आधी डिलीट करा. ओईटी किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा पास झालात म्हणजे पुस्तकी इंग्रजीची काळजी मिटली. अडतं ते पुढे, चार नंबरच्या बेडवरचे आजोबा बोलायला लागले की.

मी मिरजेची. आता वेस्ट यॉर्कशरमध्ये, वृद्धांच्या वॉर्डात काम करते. नव्या मुली आल्या की विचारतात, ‘ताई, हे लोक बोलतात ते पाठ कसं करायचं?’ पाठ करायचंच नाही. वाक्प्रचाराचा अर्थ शोधत बसण्यापेक्षा तो बोलणाऱ्या माणसाला पुढचा प्रश्न विचारायला शिका, असं माझं म्हणणं. कसं ते सांगते.

‘कसंतरीच होतंय’

‘आय हॅड अ फनी टर्न, लव्ह.’ वृद्धांच्या वॉर्डात हे वाक्य रोज कुणाकडून तरी येतं. ‘फनी’चा विनोदाशी काही संबंध नाही, एवढं डिक्शनरी सांगते. ‘टर्न’ म्हणजे अचानक बरं न वाटण्याचा झटका, हेही सांगते. पण तुमच्या कामाचं त्यात काहीच नाही. चक्कर आली असेल, डोळ्यांपुढे अंधारी आली असेल, साखर उतरली असेल, फिट आली असेल, नाहीतर मेंदूचा रक्तपुरवठा घटकाभर थांबून पुन्हा सुरू झाला असेल. आजीबाईंच्या लेखी सगळ्याला शब्द एकच.

आपल्याकडे आजी म्हणते, ‘कसंतरीच होतंय गं.’ तेव्हा आपण शब्दकोश उघडतो का? शेजारी बसतो आणि विचारतो: मळमळतंय का, गरगरतंय का, छातीत काही होतंय का? इथेही तेच करायचं. तिचा शब्द तसाच उचलायचा, परत तिच्याच हातात द्यायचा आणि शरीराबद्दल विचारायचं. ‘यू सेड यू हॅड अ फनी टर्न. टेल मी व्हॉट हॅपन्ड.’ मग एकेक करून: खोली फिरल्यासारखी वाटली का? खाली पडलात का? किती वेळ चाललं? एक हात जड झाला का? बोलताना शब्द अडखळले का? इथे पक्षाघातासाठी ‘फास्ट’ शिकवतात, म्हणजे चेहरा, हात, बोलणं आणि वेळ. ‘फनी टर्न’ ऐकलं की त्या चारही गोष्टी डोक्यात यायलाच हव्यात.

‘व्हॉट डज दॅट मीन?’ असं मात्र पेशंटला विचारू नका. ते बिचारे दुसरा तसलाच वाक्प्रचार देतात. ‘ओह, यू नो, आय केम ओव्हर ऑल पेक्युलियर.’ झालं, एकाचे दोन झाले! शब्दाचा अर्थ सहकाऱ्याला विचारावा, पेशंटला काय झालं ते विचारावं.

आणि मान डोलवू नका. आपल्याला समजलं नाही तरी ‘येस, येस’ म्हणत मान हलवायची सवय असते, समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून. इथला माणूस ते खरं धरतो आणि पुढे बोलणं थांबवतो.

न बोलता बोलायच्या गोष्टी

शी-शू, पोट, मूळव्याध, ‘खालचं’ दुखणं या विषयांवर ब्रिटिश म्हातारी माणसं आपल्या आज्यांइतकीच आडवळणाने बोलतात. त्यामुळे हा भाग मराठी माणसाला खरं तर सोपा जातो. शाळेत करंगळी वर करून ‘बाई, एकीला जाऊ?’ असं आपणच विचारायचो ना? इथे तेच ‘नंबर वन’ आणि ‘नंबर टू’.

‘माय वॉटरवर्क्स’ म्हणजे नगरपालिकेचा पाणीपुरवठा विभाग नव्हे. लघवीची तक्रार आहे. ‘डाउन बिलो’ म्हणजे कमरेखालचं, पण पुढचं की मागचं ते विचारल्याशिवाय कळत नाही, तेव्हा शांतपणे ‘फ्रंट ऑर बॅक?’ विचारा. ‘बॅक पॅसेज’ म्हणजे गुदद्वार, घराच्या मागचा बोळ नव्हे. ‘द रन्स’ आणि ‘द ट्रॉट्स’ म्हणजे जुलाब. ‘बंग्ड अप’ म्हणजे काहीतरी तुंबलंय: कधी पोट, कधी नाक. बोलताना हात कुठे जातो ते पाहा. ‘हॅव यू बीन टुडे?’ या प्रश्नात कुठे जाऊन आलात ते सांगितलेलंच नसतं. ते शौचाबद्दल आहे. आणि पुरुष पेशंट घाईने ‘कॅन आय हॅव अ बॉटल?’ म्हणाले तर पाण्याची बाटली घेऊन जाऊ नका. त्यांना लघवीचं भांडं हवंय, आणि तेही लगेच.

ऐंशीच्या पुढच्या बायका अजून ‘स्पेंड अ पेनी’ म्हणतात. इथल्या सार्वजनिक शौचालयांच्या दारांना एक पेनी टाकल्यावर उघडणारी कुलपं असायची, त्यावरून आलंय ते. १९७१ मध्ये पौंडाचे २४० ऐवजी शंभर पेन्स झाले, ती जुनी पेनी गेली, पण आजींना अजून तीच खर्च करायची असते. असं मूळ कळलं की शब्द डोक्यात पक्का बसतो, हे खरं. पण मुळाच्या फार नादी लागू नका. बऱ्याच वाक्प्रचारांच्या जन्मकथा नंतर कुणीतरी रचलेल्या असतात आणि इंटरनेटवर त्या ठासून सांगितल्या जातात.

छोट्या क्रियापदांनी जास्त दमवलं

जड शब्दांची भीती बाळगू नका. ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ आपल्याला झोपेतही येतं. घोळ होतो तो ‘पास’, ‘गो’, ‘कम’, ‘ऑफ’, ‘अप’ या चिमुकल्या शब्दांत.

एक ‘पास’च घ्या. ‘पास वॉटर’ म्हणजे लघवी होणं. ‘पास विंड’ म्हणजे वायू सरणं. पोटाच्या ऑपरेशननंतर डॉक्टर हे आवर्जून विचारतात. ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणं. ‘पास अवे’ म्हणजे जाणं, कायमचं. ‘कॅन यू पास इट ऑन?’ म्हणजे निरोप पुढे पोचवाल का. आणि इंटरव्ह्यूत आपली पोरं छाती पुढे काढून सांगतात, ‘आय पास्ड आउट इन २०१८’. समोरच्या बाईंना वाटतं, हिला २०१८ साली भोवळ आली होती. ‘आय ग्रॅज्युएटेड’ किंवा ‘आय क्वालिफाइड’ म्हणा.

‘ऑफ’ तर आपल्यासाठी खास सापळा आहे. पुण्या-मुंबईकडे कुणी वारलं की ‘त्यांचे वडील ऑफ झाले’ म्हणतात ना, ते कानात बसलेलं असतं. इथे ‘ती आज ऑफ आहे’ म्हणजे तिची सुट्टी. ‘मिल्क इज ऑफ’ म्हणजे दूध नासलं. ‘आय अ‍ॅम ऑफ’ म्हणजे निघते मी. ‘ही हॅज गॉन ऑफ हिज फूड’ म्हणजे त्यांची अन्नावरची वासना उडाली. ‘द अलार्म इज गोइंग ऑफ’ म्हणजे अलार्म वाजतोय, बंद होत नाहीये! हे शेवटचं आधी शिका. मॉनिटर कोकलत असताना ‘ऑफ’ म्हणजे बंद असं समजून कुणी निवांत बसलं तर पंचाईत.

वॉर्डात सतत ऐकू येणारी आणखी काही: ‘शी कान्ट कीप एनीथिंग डाउन’, खाल्लेलं पोटात ठरत नाही. ‘ही ब्रॉट इट ऑल बॅक अप’, सगळं उलटून पडलं. ‘माय नी इज प्लेइंग अप’, गुडघा त्रास देतोय. ‘इट्स गिव्हिंग मी जिप’, ठणकतंय. ‘शी हॅज गॉन डाउनहिल’, तब्येत खालावत चाललीय. ‘ही हॅज पर्क्ड अप’, जरा तरतरी आलीय. ‘शी इज कमिंग राउंड’, भुलीतून शुद्धीवर येतेय. यांतला एकही शब्द अवघड नाही, म्हणून तर फसायला होतं. सुटा शब्द कधीच लिहून ठेवू नका, अख्खं वाक्य लिहा.

‘अ बिट’ किती मोठा असतो

इंग्रज माणूस संकट लहान करून सांगतो. आपल्याकडे उलट चालतं. साधं डोकं दुखलं तरी ‘फुटतंय नुसतं’ म्हणतो आपण. त्यामुळे त्यांचं मोजमाप शिकायला वेळ लागतो.

याचा सगळ्यात मोठा नमुना १९८२ चा आहे. लंडनहून ऑकलंडला निघालेलं, वाटेत मुंबईलाही थांबलेलं ब्रिटिश एअरवेजचं विमान जावाच्या आकाशात ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि त्याची चारही इंजिनं बंद पडली. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना माइकवरून सांगितलं की ‘अ स्मॉल प्रॉब्लेम’ आहे, चारही इंजिनं थांबली आहेत. छोटीशी अडचण! पुढे इंजिनं सुरू झाली आणि विमान जाकार्ताला सुखरूप उतरलं, पण ‘स्मॉल’ची व्याख्या तेवढी लक्षात ठेवा.

वॉर्डात हेच रोज होतं. ‘मस्टन्ट ग्रम्बल’ किंवा ‘नॉट टू बॅड’ म्हणणाऱ्या आजोबांचं फ्रॅक्चर झालेलं असतं. दहापैकी किती दुखतंय ते विचारा, कूस बदलताना चेहरा पाहा आणि मगच गोळीचं ठरवा. ‘आय अ‍ॅम नॉट फीलिंग टू क्लेव्हर’ याचा अकलेशी संबंध नाही, बरं वाटत नाहीये. सीनियर नर्स म्हणाली, ‘यू माइट वॉन्ट टु डू हिज ओब्ज,’ तर त्यातल्या ‘माइट’वर जाऊ नका. बीपी, नाडी, श्वास, ताप, ऑक्सिजन, सगळं आत्ता बघून ये, असा तो हुकूम आहे. ‘व्हेन यू गेट अ मिनिट’ म्हणजेही आत्ताच. डॉक्टर तुमचं बोलणं ऐकून ‘आय विल बेअर इट इन माइंड’ म्हणाले तर काही होणार नाही असं समजा. पेशंटची खरंच काळजी वाटत असेल तर न्यूज स्कोअरचा, म्हणजे या सगळ्या मोजमापांवरून काढलेल्या धोक्याच्या गुणांचा, आकडा त्यांच्या पुढ्यात ठेवा. आकड्याला ‘अ बिट’ लावता येत नाही.

‘पुअरली’ हा शब्द तर माणसागणिक बदलतो. आजी ‘आय फील पुअरली’ म्हणाल्या तर कणकण असेल, अंग मोडून आलं असेल. तेच डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन ‘शी इज व्हेरी पुअरली’ म्हणाले तर प्रकृती गंभीर आहे, मुलांना बोलावून घ्या, असा त्याचा अर्थ. वाक्प्रचार ऐकताना कोण बोलतंय, कुणाशी आणि कुठल्या सुरात, याकडे कान द्यायला मी सांगते ते यासाठी.

आणि ‘यू ऑल राइट?’ हा प्रश्नच नव्हे. आपल्याकडचं ‘काय, जेवलात का?’ आहे ते. तुमचा चेहरा उतरलाय म्हणून कुणी विचारत नाहीये. ‘येह, यू?’ म्हणायचं आणि चालू पडायचं.

गावागावाची इंग्रजी

मिरजेच्या पोरीला चंद्रपूरच्या वॉर्डात टाकलं तर पहिला आठवडा तिचाही ‘काय करून राहिली’ यातच जाईल. तेव्हा यॉर्कशरची बोली समजली नाही म्हणून आपलं इंग्रजी कच्चं, असं मनाला लावून घेऊ नका. लंडनच्या डॉक्टरांनाही इथे अडखळताना पाहिलंय मी.

इकडे ‘नाउट’ म्हणजे काही नाही, ‘आउट’सारखं ऐकू येतं ते ‘ओट’ म्हणजे काहीतरी, आणि ‘समट’ म्हणजे समथिंग. ‘द’ गिळतात, जिभेचा नुसता एक झटका ऐकू येतो. ‘निदर्ड’ म्हणजे थंडीने काकडलेला. सगळ्यात जपायचा शब्द ‘व्हाइल’: जुन्या यॉर्कशरी माणसाच्या तोंडी तो ‘पर्यंत’ या अर्थाने येतो. ‘आय अ‍ॅम हिअर व्हाइल थर्सडे’ म्हणजे गुरुवारपर्यंत इथे आहे.

जेवणाच्या नावांत तर औषधांचा घोळ होतो. उत्तरेत बऱ्याच घरांत ‘डिनर’ दुपारी असतो आणि ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवण. घरी जाणाऱ्या पेशंटला ‘टेक इट विथ डिनर’ असं सांगू नका. किती वाजता घ्यायचं ते सांगा.

‘लव्ह’ म्हणणाऱ्या बस ड्रायव्हरच्या मनात काही नसतं. इथे पुरुष पुरुषांनाही म्हणतात. नॉटिंगहॅमकडे ‘डक’, न्यूकॅसलला ‘पेट’, ग्लासगोला ‘हेन’. सगळीकडचं शिकायची गरज नाही. पोस्टिंग जिथे झालं तिथलं शिका. एमरडेल नावाची मालिका १९७२ पासून चालू आहे, यॉर्कशरच्या खेड्यातली. सबटायटल लावून पाहा, मग तोच प्रसंग सबटायटल काढून. कथानकाकडून फार अपेक्षा ठेवू नका.

लंडनला जाणाऱ्यांच्या कानावर यमकाची बोलीही पडेल: ‘बुचर्स हुक’चं यमक ‘लुक’शी, म्हणून ‘हॅव अ बुचर्स’ म्हणजे एक नजर टाक. यमक जुळवणारा शब्दच गाळतात, त्यामुळे तर्काने अर्थ लागत नाही. गंमत म्हणून ऐका.

वही कशी ठेवायची

खिशात मावेल अशी. माझ्या वहीतलं एक पान असं: वर अख्खं वाक्य, जसं ऐकलं तसं देवनागरीत, ‘आय’व्ह नॉट स्लेप्ट अ विंक’. खाली: म्हाताऱ्या बाई, सकाळी, चहा देणारीला, कुरकुरत. त्याखाली: मग काय झालं? चहावालीने ‘ओ, ब्लेस यू’ म्हटलं आणि जास्त साखर घातली. म्हणजे वाक्य तक्रारीचं कमी, सहानुभूती मागणारं जास्त. एवढ्या तीन ओळी झाल्या की अर्थ लिहायची गरज बहुधा पडत नाही. पेशंटचं नाव, बेड नंबर, आजार वहीत अजिबात नको. ती वही घरी जाते.

घरी आल्यावर केंब्रिज किंवा ऑक्सफर्डची शिकणाऱ्यांसाठीची ऑनलाइन डिक्शनरी उघडा. अर्थाच्या आधी लेबल वाचा: इन्फॉर्मल, ओल्ड-फॅशन्ड, ऑफेन्सिव्ह. वापरायचं की नुसतं समजून घ्यायचं, ते या लेबलवरून ठरतं. उच्चारासाठी यूग्लिश या वेबसाइटवर शब्द टाकून ब्रिटिश निवडा; खरी माणसं तो बोलताना दिसतात. अर्बन डिक्शनरीत कुणीही काहीही लिहू शकतं. तरुण मुलांचे शब्द तिथे सापडतात, बाकी चेष्टाच जास्त.

तरुणांचं म्हणाल तर ‘सिक’ म्हणजे भारी, एवढं पुरे. त्यांचे शब्द तुमची प्रोबेशन संपेपर्यंत शिळे होतील.

शिव्यांबद्दल: समजा सगळ्या, वापरू एकही नका. ‘पिस्ड’ इथे दारू प्यायलेल्याला म्हणतात, अमेरिकेत चिडलेल्याला, आणि ‘टेकिंग द पिस’ म्हणजे थट्टा करणं. कुठली शिवी लाडाची आणि कुठली भांडणाची, हे सुरावर ठरतं आणि तो सूर आपल्या जिभेला नसतो. वाक्प्रचारांचंही थोडं तसंच आहे. शंभर समजले तर दहा वापरा, आणि तेही सहकाऱ्यांमध्ये.

आपली इंग्रजी त्यांना कळते का?

उलट बाजूही आहे. ‘लूज मोशन्स’ इथे चटकन कळत नाही; ‘लूज स्टूल्स’ किंवा ‘डायरिया’ म्हणा. आपल्याकडे प्रत्येक नर्स ‘सिस्टर’ असते, इथे सिस्टर म्हणजे वॉर्डातली सीनियर अधिकारी. नव्या मुलीने सहकारिणीला ‘सिस्टर’ हाक मारली की सगळे बॉसला शोधायला लागतात. नावाने हाक मारा, डॉक्टरांनाही बरेचदा नावानेच मारतात.

‘पेशंट एक्स्पायर्ड’ म्हणू नका, इथे दही एक्स्पायर होतं. नातेवाइकांना सांगताना ‘पास्ड अवे’, ‘वी लॉस्ट हिम’ असली मऊ वाक्यंही टाळायला शिकवतात, कारण धक्क्यात असलेल्या माणसाला ‘लॉस्ट’ म्हणजे हरवले असंही वाटू शकतं. ‘ही हॅज डाइड’ एवढं स्पष्ट म्हणायचं, आणि मग गप्प बसून त्यांना वेळ द्यायचा. ते स्वतः मात्र ‘आय लॉस्ट माय हजबंड इन मार्च’ म्हणतील. तेव्हा ‘आय अ‍ॅम सो सॉरी’ हेच उत्तर.

नोट्समध्ये पेशंटचे शब्द अवतरण चिन्हांत जसेच्या तसे लिहा आणि पुढे तुम्ही विचारून काढलेलं लिहा: पेशंट म्हणाल्या ‘फनी टर्न’, खुर्चीतून उठताना गरगरलं, अर्धा मिनिट, पडल्या नाहीत, बोलणं स्पष्ट, दोन्ही हातांत ताकद सारखी, बसून आणि उभं राहून बीपी घेतलं. हँडओव्हरला, म्हणजे पाळी बदलताना, पुढच्या नर्सलाही हेच सांगा. नुसतं ‘शी हॅड अ फनी टर्न’ सांगून घरी गेलात तर रात्रपाळीच्या नर्सला पुन्हा पहिल्यापासून विचारावं लागेल, आणि तोवर आजी झोपलेल्या असतील.